मोटरवर मोटेचं गाणं

माझं शिक्षण मॅट्रिक, माहेर अकोल्याचं, आणि एका उन्हाळ्यात मी बैलाचं काम केलेलं आहे. हे मी सुनांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, सासूबाईंनी पुन्हा आपल्या कष्टांचं तुणतुणं काढलं. तसं नाही बापा! घरात तर सगळ्याच बायका बैलासारख्या राबतात, त्याचं काय सांगायचं. मी खरोखर बैलाच्या जागी उभी होते. त्या जागी आधी एक पांढरा बैल होता. तो विकला, म्हणून मी.

लग्न होऊन मी शेंदूरजनाघाटजवळच्या खेड्यात आले ते महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास. माझे वडील अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर. मोटरचा घुंऽऽ आवाज मला अंगाईसारखा. सासरी वीज नव्हती. होता तो संत्र्याचा बगिचा, बगिचात विहीर, विहिरीवर मोट आणि मोटेवर मामाजी, म्हणजे माझे सासरे.

आता मोट कोणाला माहीत असणार, म्हणून सांगते. चामड्याची मोठी पिशवी असते, ती दोराने विहिरीत सोडतात. दोराचं दुसरं टोक बैलजोडीला. विहिरीपासून खाली उतरत जाणारी एक वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून उतरले की भरलेली मोट वर येते आणि पाणी पाटात पडतं. मग तेच बैल न वळता, उलट्या पावलांनी, मागेमागे धाव चढतात आणि रिकामी मोट पुन्हा विहिरीत जाते. असं दिवसभर. बैल उतरताना मामाजी दोरावर बसायचे आणि गायचे. बैल मागे सरताना त्यांच्याआधी धाव चढून वरून त्यांना हाक द्यायचे, तेव्हा गाणं बंद.

गाण्याचं एक कडवं म्हणजे एक मोट. पहिलं कडवं विहिरीचं:

इहिरीच्या माये, तुहं पोट लय खोल वं,
माह्या झाडाच्या बुडी घाल घोटभर ओल वं.

मग गावचा मारुती, मग सालबर्डीचा महादेव, मग मरीमाय, असे एकेक देव यायचे. देव संपले की सोयरे. मामाजींच्या बहिणी, त्यांची सासरं, मेहुणे, एका मेहुण्याची म्हैस. आणि शेवटचं कडवं माझ्या सासूबाईंवर. त्या फावडं घेऊन झाडांत उभ्या असायच्या. "फावडेवाली बाई, झाड माहं धालं वं, आता पानी मोड वं" असं ऐकू आलं, म्हणजे झाडाचं पोट भरलं, की त्या एका झाडाचं आळं बुजवायच्या आणि दुसऱ्याचं उघडायच्या. मोठ्या झाडाला पूर्ण गाणं. लहान झाडाला देवांपर्यंतच, सोयरे नाहीत. ओलसर कोपऱ्यातल्या ओळीला मारुतीनंतर थेट सासूबाई. कोणत्या झाडाला कुठपर्यंत गायचं ते फक्त मामाजींना ठाऊक होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि विचारलं तर त्यांना सांगताही यायचं नाही. झाडाकडे बघून बैल हाकले की तोंडातून आपोआप तेवढंच यायचं.

मामाजींचा माझ्यावर फारसा जीव नव्हता. शहरातली पोरगी, भाकर जाड थापते, विहिरीला भिते. पहिल्या महिन्यातच सासूबाईंना म्हणाले होते, "हे नळाच्या पान्याची पोट्टी हाय. इले इहिरीचं काय समजते?" मी चुलीपाशी होते आणि मला सगळं ऐकू आलं. राग आला होता. मी त्या दिवशी भाकरी मुद्दाम आणखी जाड थापल्या.

पुढच्या वर्षी गावात वीज आली आणि आमच्या घरच्यांनी मोटर आणली. आमचे हे अमरावतीला कॉलेजात जाऊन आलेले. इंटरला नापास झाले, पण तिथून एक मनगटी घड्याळ आणि नव्या गोष्टींची हौस घेऊन आले. विहिरीजवळ मोटरघर बांधलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, यांनी बटण दाबलं. पाईपमधून पाणी धो धो आलं. मोटर तशी लहानच, पाण्याची धार मोटेच्या धारेएवढीच पडायची, पण बैलांशिवाय पडत होती याचं सगळ्यांना भारी अप्रूप. गाव बघायला लोटलं होतं. मामाजींनी पाण्यात हात घातला, वास घेतला आणि म्हणाले, "पानी आपलंच हाय."

मग ते धावेच्या माथ्यावर जाऊन दगडावर बसले आणि त्यांनी गाणं सुरू केलं.

लोक हसले. हे लाजून काळेनिळे झाले. म्हणाले, "बाबा, आता गानं कावून म्हनून राहिले? मोटर पानी काढून राहिली ना?"

मामाजी म्हणाले, "मोटर काढते. पन किती काढाचं हे तिले कोन सांगन?"

सासूबाई तर फावडं घेऊन झाडांत उभ्याच होत्या. त्यांनाही गाण्याशिवाय पाणी मोडता येत नव्हतं. तेव्हा ठरलं की बुढ्याला गाऊ द्यावं. मोटर नवी, गाणं जुनं, बिघडतं काय?

मोटेची जोडी मात्र आठ दिवसांतच विकली. एक पांढऱ्या, एक तांबड्या. पांढऱ्या गुणाचा, एका हाकेत मागे सरायचा. तांबड्या आळशी, त्याला शिव्या दिल्याशिवाय पाऊल हलायचं नाही. जोडी रिद्धपूरकडच्या एका माणसाने नेली. बैल दाराबाहेर निघाले तेव्हा मामाजी घरात नव्हते. महिनाभराने त्या माणसाचा निरोप आला की बैल गाडीला चांगले चालतात, पण थोडं अंतर गेलं की थांबतात आणि मागे सरायला लागतात. तेवढं कसं मोडायचं ते सांगा. हे हसले. मामाजी म्हणाले, "त्याले म्हना, मोडू नोको. सरू दे." आणि उठून गेले.

हे सगळं हिवाळ्यातलं. संत्र्याच्या झाडांना हिवाळ्यात पाणी तोडून तहानेला ठेवतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सोडलं की झाड फुलतं. मोटरवर पाणी सोडलं, झाडं फुलली, असा वास सुटला की मला घरात बसवेना. आणि थोड्याच दिवसांत फुलं गळायला लागली. पानं पिवळी. बुंध्यांना डिंक फुटला. आळ्यातली माती बोटाने दाबली तर बोट आत जायचं.

पाणी जास्त होतंय हे शेंबड्या पोराला कळलं असतं. कळत नव्हतं ते एवढंच, की का होतंय. मामाजी म्हणायचे, "गानं तेच हाय. म्या एक कडवं जास्ती म्हटलं नाई." आणि ते खरं होतं. हे म्हणायचे, "मोटर कंपनीची हाय, ते चुकनार नाई." तेही खरं होतं. दोघांचंही खरं आणि झाडं मरायला टेकलेली.

हे म्हणाले, "मंग मोठ्या झाडाले लहान झाडाचं गानं म्हना."

"म्हंजे सोयरे सोडू?"

"सोडा."

"अन् लहान झाडाले? देव सोडू? कोनता सोडू ते सांग. महादेव सोडू का मारुती?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. हे चिडून म्हणाले, "कोनताच सोडू नोका. तुमी घरी बसा. मी घड्याळावर पानी देतो. झाडं सुधरली तं सुधरली."

आणि मामाजी घरी बसले. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी मी त्यांना कधी घरात पाहिलं नव्हतं. ओसरीत खांबाला टेकून बसायचे, तोंड भिंतीकडे. भाकर अर्धी ठेवायचे. बोलणं तर तोडलंच. कोणी विचारलं, "काय म्हनता?" तर म्हणायचे, "काई नाई, रिकामा हावो." त्यांचं ते 'रिकामा' ऐकून मला कसंतरीच व्हायचं. माणूस माझ्याशी वाकडा होता, पण असा भिंतीकडे तोंड करून बसलेला बघवत नव्हता.

इकडे घड्याळाचा कारभार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. हे बांधावर उभे, डोळे मनगटाकडे, दर झाडाला सारखा वेळ. मोठी झाडं तहानलेली आणि लहान झाडं बुडालेली. ओलसर कोपऱ्यातली दोन झाडं वाळूनच गेली. वेळ कमी-जास्त करायला सांगावं तर कोणत्या झाडाला किती, हे यांना कुठे ठाऊक? ते ज्याला ठाऊक होतं तो ओसरीत बसलेला. पाणी द्यायचं कसं हे मामाजींच्या गळ्यात अडकलं होतं आणि गाणं म्हणायचं तर झाडं बुडत होती. यांनी मला रात्री सांगून टाकलं, "उन्हाळ्यापर्यंत पाहतो. फळं टिकली नाई तं बगिचा काढून टाकतो, कपाशी लावतो." ती झाडं मामाजींनी हाताने लावलेली होती. मला वाटलं, झाडं उपटली त्या दिवशी हा माणूस उठणार नाही.

एका दुपारी मी ओसरीत चहा घेऊन गेले. मामाजी डोळे मिटून बसले होते आणि ओठांतल्या ओठांत गाणं चाललं होतं. मी थांबले. एक कडवं झालं. मग ते गप्प. चांगला वेळ गप्प. मला वाटलं झोपले. तेवढ्यात जिभेने टक टक केलं आणि हळूच म्हणाले, "ये रे पांढऱ्या, ये. ये राजा." पुन्हा तेवढाच वेळ गप्प, आणि मग मारुतीचं कडवं.

चहा माझ्या हातावर सांडला. अगं बाई! बैल वर सरेपर्यंत ते थांबत होते. बैल विकून दोन महिने झाले, तरी हा माणूस प्रत्येक कडव्यानंतर बैल मागे यायची वाट बघत होता. विहिरीवर दगडावर बसून गायचे तेव्हाही असंच. बैल होते तेव्हा त्या वेळात मोट रिकामी खाली जायची, पाटात पाणी नसायचं. मोटरला मात्र दम घेणं माहीत नाही. ते थांबायचे आणि पाणी चालूच. गाण्याएवढंच पाणी गाण्याबाहेर जात होतं.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. "अजी, ऐकता का? बैल मागे येतात तेवढा वेळ पाणी थांबवलं पाहिजे."

"कोनते बैल?"

"गाण्यातले."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तापात बडबडते आहे. मग समजावून सांगितलं, तेव्हा डोकं खाजवून म्हणाले, "मंग घडीघडी मोटर बंद-चालू करू? जळून जाईन ना थे!"

ते बरोबर होतं. फिटरची मुलगी मी, मलाही ते ठाऊक होतं. म्हणून मी म्हटलं, "मोटर चालू राहू द्या. पाईपच्या तोंडाला कॅनव्हासचा नळा बांधा. मामाजी गातील तेव्हा नळा पाटात. मामाजी थांबतील तेव्हा नळा विहिरीत."

"म्हंजे विहिरीतलं पानी काढाचं अन् विहिरीतच टाकाचं?"

"हो."

"अन् नळा कोन फिरवन?"

मी म्हटलं, "मी."

मामाजींना विहिरीवर न्यायला सासूबाई गेल्या. काय बोलल्या देव जाणे, पण मामाजी पागोटं बांधून आले. धावेच्या माथ्यावर बसले. मी पदर खोचून नळ्यापाशी उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं. गाणं सुरू झालं. कडवं संपलं. त्यांचे डोळे रिकाम्या धावेवरून खाली गेले आणि तोंडातून हाक आली, "ये रे पांढऱ्या, ये."

मी नळा विहिरीकडे वळवला. पाणी खाली धबाधब पडलं. त्यांनी मान डोलावली, पण मला नाही. जो आला त्याला.

मग रोज तेच. गावातले लोक बांधावर येऊन उभे राहायचे. "अवं, हे काय करून राहिली? पान्याले पानी पाजून राहिली काय?" दुसरा म्हणायचा, "बैल विकला अन् सून जुंपली!" मी ऐकून घ्यायची. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, आमच्याकडे बैल गेला आणि मला उभी केली. लुगडं दिवसभर ओलं, पायांना चिखल्या, हातांना कॅनव्हास घासून फोड. आणि दर कडव्याला ती हाक, ये रे पांढऱ्या. मनात म्हणायची, मी काय पांढऱ्या आहे? मॅट्रिकला गणितात मी पहिली आले होते! हाक आली की नळा फिरवायचा, एवढंच.

पण झाडं सावरायला लागली. आधी माती घट्ट झाली. मग डिंक वाळला. पोपटी पालवी फुटली, आणि उरल्यासुरल्या फुलांतून हिरवे गोळे धरलेले दिसले, बोराएवढे. हे रोज फांद्या वाकवून बघायचे आणि कोणी पाहत नाही ना हेही बघायचे. कपाशीचा विषय यांनी पुन्हा काढला नाही.

चैत्रात माझे वडील अकोल्याहून मला बघायला आले. लेक कशी आहे म्हणून थेट बगिचात आले, तर लेक चिखलात उभी राहून विजेवर काढलेलं पाणी विहिरीत ओतते आहे. फिटर माणूस, गणित लगेच समजलं. म्हणाले, "व्याहीबुवा, याले वॉल्व्ह बसवता येते. अकोल्याहून पाठवून देतो. चाक फिरवलं की पानी कमी."

मामाजींनी विचारलं, "त्याले आयकू येते का?"

"कोनाले?"

"तुमच्या चाकाले."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी नळा पाटात धरून उभी होते. "नाई," ते म्हणाले.

"मंग काहाले पाठवता?"

वडील परत गेले आणि आईला म्हणाले की पोरगी सुखात आहे. आईने पुढच्या वेळी मला विचारलं, तुमच्याकडे सुख म्हणजे नेमकं काय करतात गं?

वैशाखात मला ताप भरला. डोक्यावर ऊन आणि पाय पाण्यात, दुसरं काय होणार! अंथरुणातून उठवेना. मी पडल्या पडल्या फक्त झाडांचा विचार करत होते. फळं लिंबाएवढी झाली होती आणि आता चुकलं असतं तर सगळं गेलं असतं. माझ्या जागी हे उभे राहिले. पहिल्या दिवशी घरी आले ते तोंड पाडूनच. मी म्हटलं, "काय झालं?"

म्हणाले, "काई नाई. बाबा मले तांबड्या म्हनतात."

मला तापातही हसू आवरेना. तांबड्याला हाकेबरोबर शिव्याही असायच्या, त्या सगळ्या यांच्या वाट्याला आल्या होत्या. नळा वेळेवर वळला नाही की, "तांबड्या, मुडद्या, सर ना मांगं!" आणि बांधावर उभं राहून अर्धं गाव ऐकायचं.

ताप उतरला तशी मी विहिरीवर गेले. सासूबाई नको म्हणत होत्या. अंगात त्राण नव्हतं, पण घरात करमतही नव्हतं, हे खरं सांगते. हे नळा माझ्या हातात देऊन असे पळाले की जणू मानेवरचं जोखड काढलं. मामाजी दगडावर बसले होते. मी आलेली त्यांनी पाहिली. मला वाटलं, बरी आहेस का एवढं तरी म्हणतील. तेवढंही म्हणाले नाहीत. मी मनातून खट्टू झाले.

विहिरीचं कडवं झालं. डोळे धावेवरून खाली गेले, तसेच, रोजच्यासारखे. तोंड उघडलं. "ये रे" म्हणाले आणि थांबले.

हाक पूर्ण आल्याशिवाय नळा वळवायचा नाही, अशी मला सवय झालेली. मी वाट बघत उभी. पाणी पाटात चाललेलंच. मामाजी धावेकडे बघत होते. तिथे काही नव्हतं. कडेने गवत उगवलं होतं. ते गवत त्यांनी त्या दिवशीच पाहिलं असावं. किती वेळ बघत होते कोण जाणे, सासूबाईही झाडांतून मान वर करून बघायला लागल्या की गाणं का थांबलं.

मग त्यांनी धावेकडची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्या तोंडाकडे, पहिल्यांदाच.

"ये माय," ते म्हणाले. "ये."

आणि मारुतीचं कडवं त्यांनी धरलं. मला नळा, पाट, विहीर काही दिसेना. मी तशीच उभी राहिले, नळा वळवायचं विसरून, आणि बांधालगतच्या त्या पहिल्या झाडाला त्या दिवशी पाणी जरा जास्तच गेलं.